पुरुमेंत मे महिन्यातच भरायचं: स्टोइक सराव घरी कसा करायचा आणि लोक कुठे चुकतात

आमच्या गोव्यातल्या चोडण बेटावर देवळाच्या मंडपात दर रविवारी सात-आठ जण बसतो, चार वर्षं झाली. स्टोइक लोकांनी, म्हणजे जुन्या ग्रीस-रोममधल्या एका तत्त्वज्ञान-पंथाने, सांगितलेले सराव करून बघायचे, वहीत लिहायचं, एकमेकांना दाखवायचं, एवढाच उद्योग. नवीन येणारा प्रत्येक माणूस त्याच त्याच चुका करतो, मी पण केल्या होत्या, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. दर वेळी तोंडी सांगून कंटाळा आला.

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो. लोक हे सुरू करतात संकट आल्यावर. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, की कोणीतरी मोबाईलवर ढकलतो 'जे हातात नाही ते सोडून दे', आणि मग हा माणूस रात्री दोन वाजता अंथरुणात बसून सोडायला बघतो. सुटत नाही. मग म्हणतो हे सगळं फुकटचं तत्त्वज्ञान. अरे बाबा, आपल्याकडे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा घरातला साठा, कधी भरतात? मे महिन्यात, ऊन कडक असताना. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, मीठ सगळं तेव्हाच घरात येतं. जुलैत नदी फुगलीय, होड्या बांधून ठेवल्यात आणि तुम्ही पिशवी घेऊन सुके बांगडे शोधायला निघालात तर काय हाताला लागणार? एपिक्टेटस ह्या स्टोइक गुरूने पण छोट्यापासूनच सुरुवात करायला सांगितलंय, थोडं तेल सांडलं, थोडी वाईन चोरीला गेली, तिथे सराव करा म्हणतो. पोराच्या आजारपणात पहिला प्रयोग करू नका.

सुरू करण्याआधी हे बघा

घरात नुकतंच कोणी गेलं असेल, दोन-तीन आठवडे झोपच लागत नसेल, किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिथे जायला लाज कसली, दात दुखला तर आपण जातोच की. हा सराव औषधाच्या जागी नाही, औषधासोबत चालतो.

बाकीच्यांनी ही तयारी करायची.

वही शंभर पानी, साधी. मोबाईलवर लिहू नका, लिहायला उघडाल आणि वीस मिनिटांनी कोणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत असाल. पेन वहीलाच अडकवून ठेवा.

वाचायला तीनच गोष्टी पुरतात. एपिक्टेटसची छोटी हस्तपुस्तिका, ५३ तुकडे आहेत, काही तर दोन ओळींचे, आणि ती त्याने स्वतः लिहिलेली नाही, आरियन नावाच्या शिष्याने त्याच्या शिकवणीतून काढली. मार्कस ऑरेलियस ह्या रोमन बादशहाच्या खाजगी टिपणांचे १२ भाग आहेत, त्यातला पहिला भाग सुरुवातीला सोडा, त्यात कोणाकडून काय शिकलो त्याची यादी आहे आणि नवीन माणूस तिथेच अडकतो. आणि सेनेका ह्या रोमन लेखकाची पत्रं, एकूण १२४, पण १३ वं आणि १८ वं आधी वाचा. एका दिवसात एकच तुकडा. जास्त वाचलं की वाचल्याचंच समाधान होतं आणि सराव राहून जातो, आमच्यातल्या एका मास्तरांनी सहा पुस्तकं वाचली आणि वहीत पाच पानं.

घरच्यांना फार समजावत बसू नका. 'दहा मिनिटं वही लिहितो' एवढं पुरे.

१. पहिले दोन आठवडे फक्त रात्रीची उजळणी

सगळे सकाळपासून सुरू करतात. उलटं करा. सकाळच्या सरावाला माल लागतो, म्हणजे तुम्ही नेमके कुठे घसरता ते माहीत पाहिजे, आणि ते रात्रीच्या वहीतूनच कळतं.

सेनेका हे रोज करायचा. दिवा बाजूला गेला, बायको गप्प झाली (तिला सवय माहीत होती बिचारीला) की तो आख्खा दिवस तपासायचा. ही पद्धत त्याने सेक्स्टियस नावाच्या माणसाकडून घेतली, त्याचे प्रश्न तीन होते: आज कुठली वाईट खोड बरी केली, कुठल्या दोषाला अडवलं, कशात सुधारलो.

तुम्ही असं करा. जेवण झाल्यावर, टीव्ही बंद, अंथरुणात जायच्या आधी खुर्चीवर बसून. दिवसातला एकच प्रसंग निवडा ज्यात डोकं फिरलं, भीती वाटली किंवा मन खट्टू झालं. तीन ओळी लिहा: काय झालं, मी मनात काय म्हटलं, मी काय केलं. बस. दहा मिनिटांच्या वर गेलात तर थांबा.

चूक: कोर्ट भरवणे. काही लोक, जास्त करून प्रामाणिक लोक, ह्या वहीत स्वतःला फोडून काढतात, मी असाच, मी तसाच, मला कधी जमणारच नाही. सेनेका काय करायचा? 'परत असं करू नकोस, ह्या वेळी माफ केलं' असं स्वतःला म्हणून पुढे जायचा. ही ओळ वहीत खरोखर लिहा, ओशाळं वाटलं तरी.

तपासा: चौदा दिवसांत निदान दहा दिवसांचं लिखाण आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका, अजून एक आठवडा इथेच.

२. घटना वेगळी, शेरा वेगळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, हे जमलं की पुढचं निम्मं सोपं. एपिक्टेटसचं म्हणणं असं की माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचं त्याचं मत त्रास देतं. ऐकायला सोपं आहे, मान डोलावून सगळे हो म्हणतात. वहीत मात्र घटना म्हणून लिहिलेलं अर्धं अधिक मतच असतं.

आमच्या एका वहिनींच्या वहीतलं उदाहरण त्यांना विचारून देतोय. त्यांनी 'काय झालं' ह्याच्यापुढे लिहिलेलं, 'चवथीला जाऊबाईने सगळ्यांसमोर माझा अपमान केला.' मी विचारलं, कोणी मोबाईलवर रेकॉर्ड केलं असतं तर काय ऐकू आलं असतं? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, 'ती म्हणाली, खतखतं जरा अळणी झालंय.' सगळे म्हणजे किती जण? स्वयंपाकघरात चौघी. झालं, घटना एवढीच. अपमान हा शेरा. 'सगळ्यांसमोर' हा पण शेराच.

आता लगेच कोणी म्हणेल, पण जाऊबाईचा हेतू खरंच टोचायचाच असेल तर? असेलही! शेरा खोटा आहे असं कोणी म्हणत नाही, तो शेरा आहे आणि तो तुम्ही लावलाय, एवढंच बघायचं. वेगळा काढल्यावर तो ठेवायचा की पुसायचा ते ठरवता येतं, चिकटलेला असताना ठरवता येत नाही.

एपिक्टेटस ह्यासाठी एक छान युक्ती देतो. कोणी भराभर आंघोळ करतो तर वाईट आंघोळ करतो म्हणू नका, भराभर करतो म्हणा. कोणी भरपूर वाईन पितो तर वाईट पितो म्हणू नका, भरपूर पितो म्हणा. एप्रिलात हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांत आमच्या वाड्यावर हा सराव करायला भरपूर संधी मिळते.

मार्कस ऑरेलियस हीच युक्ती भारी वस्तूंवर वापरायचा: फालेर्नियन वाईन म्हणजे द्राक्षाचा रस, बादशाही जांभळा झगा म्हणजे शिंपल्यातल्या प्राण्याच्या रक्तात बुडवलेली मेंढीची लोकर. तुम्हाला शेजाऱ्याची नवीन गाडी खुपत असेल तर करून बघा, पत्रा, रबर आणि सात वर्षांचा हप्ता.

करायचं कसं: जुन्या चौदा पानांवर परत जा आणि प्रत्येक 'काय झालं'च्या ओळीतल्या शेऱ्याच्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. मुद्दाम, नेहमी, कधीच, सगळे, अपमान, वाट लागली, ह्या शब्दांवर लक्ष ठेवा. मग ओळ परत लिहा, रेघांचे शब्द गाळून.

सावधान: दुसऱ्याच्या तोंडावर हे करू नका. बायको रडतेय आणि तुम्ही 'हा तुझा शेरा आहे' म्हणालात तर त्यानंतर जे होईल ती घटनाच असेल.

३. दोन रकाने

आता पान मध्ये रेघ मारून दोन भागांत करा. डावीकडे 'माझ्याकडे नाही', उजवीकडे 'माझ्याकडे'. एपिक्टेटसच्या पुस्तिकेचा पहिलाच तुकडा हा आहे आणि त्याची उजवी बाजू फारच छोटी आहे: आपलं मत, आपली ओढ, हवं-नको वाटणं, थोडक्यात आपण जे स्वतः करतो ते. शरीर, मालमत्ता, नाव, पद हे सगळं डावीकडे. शरीर डावीकडे बघून लोक दचकतात. गुलामगिरीत वाढलेला, पायाने लंगडा माणूस सांगतोय, त्याला माहीत असणार.

हमखास चूक म्हणजे निकाल उजवीकडे टाकणं. 'मुलगी बारावीला पास होणं', 'डील होणं', 'सासऱ्यांनी औषध घेणं'. नाही. उजवीकडे येतं: तिच्यासोबत संध्याकाळी बसणं, कागद वेळेत पाठवणं, औषध आणि पाणी हातात देणं. स्टोइक लोक धनुर्धाऱ्याचा दाखला द्यायचे, नेम धरणं आणि नीट सोडणं त्याचं काम, सुटल्यावर वाऱ्याने बाण वळवला तर त्याचं काम तरीही चोख.

दुसरी चूक उलटी, ती आळशी लोकांची (मी). सगळंच डावीकडे ढकलून मोकळं व्हायचं, देव बरें करूं, आणि झोपायचं. उजवा रकाना रिकामा राहिला तर समजा पान चुकलंय.

माझ्या भावोजींचं सांगतो. डिचोलीकडे त्यांचे दोन ट्रक खनिजावर चालायचे, दोन्ही कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये थोडं सुरू झालं, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. तेव्हा आमच्याकडे वही-बिही काही नव्हती. गेल्या वर्षी ते एका रविवारी येऊन बसले आणि सराव म्हणून आम्ही २०१२ चेच रकाने केले. डावीकडे: खाणी कधी सुरू होणार, कोर्ट, सरकार, खनिजाचा भाव, गावातले लोक काय म्हणतील. उजवीकडे: बँकेत स्वतःहून जाऊन हप्त्याचं बोलणं, एक ट्रक विकायचा की नाही ठरवणं, घरात खरा आकडा सांगणं. विकल्यावर किती मिळतील ते परत डावीकडे. पान बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'मी सहा महिने नुसता डावा रकाना वाचत बसलेलो, रोज सकाळी पेपरात.'

आणि हो, 'हे तर आम्ही कीर्तनात लहानपणापासून ऐकतोय' म्हणून वही मिटणारे दरवर्षी दोन तरी भेटतात. ऐकलंय ना, मग चांगलं आहे, लिहायला सोपं जाईल.

तपासा: उजव्या रकान्यातलं प्रत्येक वाक्य 'मी' ने सुरू होऊन क्रियापदाने संपतं का, आणि ते उद्या सकाळी करता येईल का? 'मी शांत राहीन' चालणार नाही. 'मी फोन उचलायच्या आधी पाणी पिईन' चालेल.

४. सकाळची तयारी, तीन मिनिटं

आता सकाळ. एपिक्टेटस म्हणतो सार्वजनिक स्नानगृहात जाताना आधीच आठवा तिथे काय काय होतं, पाणी उडवतात, ढकलतात, शिव्या देतात, चोऱ्या करतात. आपल्याकडे स्नानगृह नाही पण सरकारी ऑफिसात जमिनीचा कागद काढायला जाणं आहे. निघायच्या आधी: सर्व्हर बंद असेल, साहेब मीटिंगला गेलेले असतील, एक झेरॉक्स कमी पडेल. मग ठरवा, तसं झालं तर मी काय करीन. झेरॉक्स दोन जास्त काढीन, पिशवीत वाचायला काहीतरी ठेवीन, आणि काम झालं नाही तरी काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवणार नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, दोन्ही गोष्टी सांभाळायच्या, कागद पण आणि आपलं वागणं पण.

चूक एक: ह्याची काळजी होऊन बसते. फरक साधा आहे, काळजी गोल फिरते, तयारी 'तर मी असं करीन' वर येऊन थांबते. तीन मिनिटांत थांबली नाही तर उठा आणि चहा करा. रात्री अंथरुणात हा सराव अजिबात नको. सेनेकाच्या १३ व्या पत्रात नेमकं हेच आहे, आपण प्रत्यक्षापेक्षा कल्पनेत जास्त सोसतो.

चूक दोन, ही जास्त घाण आहे. मार्कस ऑरेलियस दिवस सुरू करताना स्वतःला सांगतो की आज मला नाक खुपसणारे, कृतघ्न, उद्धट, मत्सरी लोक भेटतील. लोक एवढंच उचलतात, स्टेटसला लावतात आणि दिवसभर सगळ्यांकडे तुच्छतेने बघतात. पुढचा अर्धा भाग वाचा की! तो म्हणतो हे माझेच नातेवाईक आहेत, आम्ही हातांसारखे, पायांसारखे, वरच्या-खालच्या दातांसारखे एकत्र काम करायला बनलोय. दुसरा अर्धा भाग गाळणार असाल तर पहिला करूच नका.

५. महिन्यातून दोन-तीन दिवस कमीत

१८ व्या पत्रात सेनेका सांगतो की काही दिवस ठरवून घ्या, अगदी साधं स्वस्त अन्न, जाडेभरडे कपडे, आणि स्वतःला विचारा, मी ह्यालाच घाबरत होतो काय? हे पत्र डिसेंबरातलं आहे, रोममध्ये सगळीकडे सणाचा धुडगूस चालू असताना.

आपल्याकडे सोपं आहे. उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड, असेल तर भाजलेला सुका बांगडा. जुना शर्ट. गाडी घरी, बसने जा. एसी बंद.

चुका इथे मजेशीर होतात. एकाने एकादशीला हे केलं, साबुदाण्याची खिचडी, केळ्याचे वेफर्स, वर मणगणं. एकाने पेजेच्या वाटीचा फोटो टाकला, ११२ लाईक्स. आणि एकाने आख्ख्या घराला पेज लावली, पोरं आजीकडे निघून गेली. एकट्याने करा, गुपचूप करा, आणि संध्याकाळी वहीत लिहा की कशाची उणीव खरंच जाणवली. माझ्याबाबतीत मासळीची नाही जाणवली, चहाची जाणवली, हे मला आधी माहीत नव्हतं.

सावधान: हे स्वस्त जेवण आहे, उपाशी राहणं नाही. डायबिटीस, प्रेशरच्या गोळ्या, गरोदर बाई, म्हातारी माणसं, ह्यांनी जेवणाला हात लावू नये, कपडे-गाडीवर करावं. आणि ज्याच्या घरी खरंच महिन्याची ओढाताण आहे त्याला हा सराव सांगू नका, त्याचा चालूच आहे.

६. खरं संकट आल्यावरचा क्रम

इतके महिने भरलेलं आता काढायचं. पण क्रमाने.

आधी शरीर. दोन घास, पाणी, जमेल तेवढी झोप, आणि एका माणसाला फोन. रकाने नंतर.

मग पहिला धक्का येऊ द्या. इथे लोक स्वतःवर चिडतात, एवढी वही लिहिली तरी हात कसे थरथरले? औलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने एक प्रसंग लिहून ठेवलाय. ब्रुंडिसियमला जाणारं जहाज वादळात सापडलं आणि जहाजावरचा नावाजलेला स्टोइक गुरू पांढराफटक पडला. वादळ शमल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने टोमणा मारला. मग गेलियसने खरं कारण विचारलं तेव्हा गुरूने पिशवीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढून दाखवलं: पहिला धक्का, चेहरा उतरणं, हे शहाण्यालाही होतं, ते इच्छेवर नसतं. शहाणा त्या भीतीला 'हो, खरं आहे' अशी संमती देत नाही, फरक एवढाच. तेव्हा रडू आलं तर रडा. पहिल्या तासात सही करू नका, पैसे पाठवू नका, ग्रुपवर मेसेज टाकू नका.

मग घटना-शेरा, एका ओळीत. मग दोन रकाने. मग उजव्या रकान्यातली एकच गोष्ट, सगळ्यात छोटी, ती आज.

वही नंतर उघडली तरी चालते. आमच्यातल्या एकाचे वडील वारले तेव्हा त्याने बाराव्यापर्यंत काही लिहिलं नाही, ते बरोबरच होतं.

दुसऱ्याच्या संकटात मात्र ह्यातलं काही काढायचं नाही. एपिक्टेटसनेच सांगितलंय, रडणाऱ्या माणसासोबत बोला, वेळ आली तर त्याच्यासोबत उसासा पण टाका, फक्त आतून वाहून जाऊ नका. म्हणजे जायचं, बसायचं, भाताचा टोप न्यायचा.

७. महिन्याची उलटतपासणी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही पहिल्या पानापासून वाचा आणि कुठला शब्द, कुठलं नाव, कुठली वेळ परत परत येतेय ते मोजा. मत बनवू नका, फक्त मोजा. मग त्यातली एकच गोष्ट पुढच्या महिन्याच्या सकाळच्या तयारीत घ्या.

आणि मध्येच कोणाला शिकवायची खुमखुमी आली (हो, हा लेख लिहिताना मला आलीच आहे) तर पुस्तिकेतला मेंढ्यांचा तुकडा वाचा. मेंढ्या किती गवत खाल्लं ते धनगराला आणून दाखवत नाहीत, आत पचवतात आणि बाहेर लोकर आणि दूध देतात.

माझ्या पहिल्या वहीत एका महिन्यात 'फेरी चुकली' अकरा वेळा आहे. रायबंदरला जाणारी फेरीबोट. अकराही वेळा शेरा लांबलचक आहे, फेरीवाले, ट्रॅफिक, पाऊस, स्कूटरचा प्लग, एकदा तर शेजाऱ्याचा कुत्रा. अकराही वेळा मी घरातून निघालेलो पावणेनऊला. आता साडेआठला निघतो.